प्रकाशाची साक्ष : योहान आंकरस्त्येर्ने यांचे छायालेखन आणि कर्तृत्वाचा प्रश्न

बेन्यामिन क्रिस्तेन्सेन यांचा ‘हेक्सान’ हा १९२२ सालचा मूकपट एखाद्या व्याख्यानासारखा सुरू होतो. चित्रपटाचे स्वरूप समजावून सांगणाऱ्या प्रारंभीच्या निवेदनातच दोन सहकाऱ्यांची नावे येतात : छायालेखक योहान आंकरस्त्येर्ने आणि कलादिग्दर्शक रिचर्ड लोव. चित्रपटविषयक लेखनाने ही नोंद फारशी मनावर घेतलेली नाही. ‘हेक्सान’ची चर्चा बहुतांशी क्रिस्तेन्सेन यांच्या प्रतिभेची चर्चा राहिली असून आंकरस्त्येर्ने (१८८६–१९५९) यांचे नाव श्रेयनामावलीत उगवते आणि विवेचनात मावळते. तौलनिक साहित्याभ्यासाने याची दखल का घ्यावी, असा प्रश्न येथे साहजिक आहे. कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना करताना आपण दिग्दर्शकाला ‘दुसरा लेखक’ मानतो, पटकथेला मधली संहिता मानतो आणि कथानकात काय वगळले, काय भरले, याचा हिशेब मांडतो. प्रकाश या हिशेबात येत नाही, कारण तो संहितेसारखा दिसत नाही. आंकरस्त्येर्ने यांच्या कारकिर्दीचे तीन टप्पे जवळून पाहिले तर मात्र प्रकाश स्वतःचे असे काही सांगत असतो आणि ते दिग्दर्शकाच्या शब्दांशी जुळतेच असे नाही, हे ध्यानात येते. प्रस्तुत निबंधाचा विषय ही न जुळण्याची जागा आहे.

आपल्या भाषेतील एका शब्दाकडेही येथे जाता जाता पाहायला हवे. ‘फोटोग्राफी’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील प्रकाश आणि लेखन हे दोन शब्द आहेत. मराठीने त्याच कृतीला ‘छायालेखन’ म्हटले, म्हणजे लेखनाचे काम प्रकाशाकडून काढून छायेकडे दिले. १९१० नंतरच्या दशकातील डॅनिश चित्रपटांना मराठी शब्दच अधिक शोभतो. दाराच्या चौकटीत उभी असलेली काळी आकृती, मागे उजळलेले अंगण, पुढे अंधारलेली खोली : ही दृश्यरचना त्या काळच्या डॅनिश चित्रपटांची ओळख होऊन बसली होती.

ओले ओल्सेन यांनी १९०६ साली कोपनहेगनमध्ये स्थापन केलेल्या ‘नॉर्डिस्क’ या कंपनीच्या चित्रपटांना पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपभर बाजारपेठ होती. तेथील छायालेखकाला कारखान्यातील कुशल कारागिराचे स्थान होते. आंकरस्त्येर्ने यांची घडण या शिस्तीत झाली. आउगुस्त ब्लोम यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९१३ साली प्रदर्शित झालेला ‘अटलांटिस’ हे या टप्प्यातील त्यांचे सर्वांत मोठे काम. गेरहार्ट हाउप्टमान यांची त्याच नावाची कादंबरी १९१२ सालची. त्याच वर्षी हाउप्टमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ‘टायटॅनिक’ बुडाली. प्रवासी जहाज बुडण्याचा प्रसंग कादंबरीत असल्यामुळे चित्रपट प्रदर्शित होताना तो त्या दुर्घटनेच्या सावलीत पाहिला गेला. नॉर्वेमध्ये त्यावर बंदी आली.

‘अटलांटिस’मध्ये आंकरस्त्येर्ने यांचा हात ओळखणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. कॅमेरा बहुधा स्थिर असतो, चौकट खोल असते आणि पात्रे त्या खोलीत मागेपुढे हलतात. ही सारी ब्लोम यांच्या चित्रपटांची सर्वसाधारण रीत. तरीही एका प्रसंगापाशी थांबावेसे वाटते. कादंबरीत आर्थर स्टॉस नावाचा, दोन्ही हात नसलेला कलावंत आहे. हे पात्र ज्यांच्यावरून बेतले गेले त्या कार्ल हेर्मान उनथान यांनीच चित्रपटात ती भूमिका केली. ते पायांनी करीत असलेली कामे कॅमेरा समोर बसून नुसता पाहत राहतो. कादंबरीकाराने प्रत्यक्षातील माणूस उचलून त्याचे पात्र केले होते, कॅमेऱ्याने त्या पात्राचा पुन्हा माणूस केला. माध्यमांतराच्या आपल्या नेहमीच्या शब्दावलीत या उलट्या प्रवासाला नाव नाही. कथानक क्षणभर थांबते, नायकाचा मनोव्यापार बाजूला राहतो आणि उरते ती निव्वळ साक्ष : हे असे घडले, कारण मी ते पाहिले. कॅमेऱ्याचा हा साक्षीदाराचा अधिकार आठ वर्षांनी ‘हेक्सान’मध्ये अडचणीचा ठरणार आहे, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवतो.

दुसरा टप्पा ‘हेव्हनेन्स नात’ म्हणजे ‘सूडाची रात्र’ या १९१६ सालच्या चित्रपटाचा. दिग्दर्शन क्रिस्तेन्सेन यांचे आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. खुनाचा खोटा आरोप आलेला सर्कशीतील एक बलदंड माणूस नववर्षाच्या आदल्या रात्री तान्ह्या मुलाला घेऊन एका श्रीमंत घरात शिरतो, तेथील तरुणीच्या हातून त्याचा विश्वासघात होतो आणि अनेक वर्षांच्या तुरुंगवासानंतर तो सूड घेण्यासाठी परततो. कथा बेतीव आहे आणि योगायोगांची रेलचेल आहे; संहिता म्हणून तिच्यात फारसे काही हाती लागत नाही. परंतु चित्रपटाच्या आरंभी क्रिस्तेन्सेन स्वतः नायिका कारेन कास्पेरसेन यांना त्या घराची लहानशी प्रतिकृती दाखवतात. पुढे ज्या घरात भीती वावरणार आहे ते घर आधी खेळण्यासारखे आपल्यासमोर ठेवले जाते. एवढे करूनही पुढे आपण घाबरतोच. घर खोटे आहे हे सांगून झाल्यावर ते खरे वाटायला लावण्याचे काम प्रकाशावर पडते. अंधाऱ्या खोल्या, एकाच बाजूने येणारा उजेड, खिडकीबाहेर दाटलेला काळोख. एका प्रसंगी तर कॅमेरा खोलीतील स्त्रीपासून मागे सरकत सरकत खिडकीच्या बाहेर येतो. तोवर आपण तिच्याबरोबर आत होतो, आता बाहेरच्या अंधारातून तिच्याकडे पाहत आहोत. कादंबरीकाराला निवेदकाची जागा अशी बदलायची असती तर किमान एक वाक्य खर्ची घालावे लागले असते. येथे शब्द लागत नाही आणि वाचकाची सहानुभूती कोणाकडे असावी हेच क्षणभर डळमळते.

येथे एक रास्त आक्षेप येईल. ही प्रकाशयोजना क्रिस्तेन्सेन यांचीच कशावरून नाही? १९१४ सालच्या त्यांच्या ‘रहस्यमय एक्स’ या पहिल्या चित्रपटातही काळोख आणि उजेडाचा असाच धाडसी खेळ आहे आणि त्याचे छायालेखक एमिल दिनेसेन होते. म्हणजे दिग्दर्शक तोच, छायालेखक वेगळा. हा पुरावा माझ्या मताच्या विरुद्ध जातो आणि तो टाळण्याचे कारण नाही. अंधाराची हौस क्रिस्तेन्सेन यांची होती, हे उघड आहे. पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर मला एक फरक जाणवतो. ‘एक्स’मधील अंधार कातरलेल्या कागदासारखा आहे, आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यातील रेषा धारदार असते आणि नजर त्या रेषेवर खिळते. ‘सूडाच्या रात्री’तील अंधाराला पोत आहे, त्यात भिंती, कापड, कातडी हळूहळू विरत जातात. पहिला प्रकार चित्रासारखा पाहण्याचा आहे, दुसरा आत शिरण्याचा. हा निष्कर्ष दोन चित्रपटांच्या तुलनेवर उभा आहे आणि तेवढ्याच ताकदीचा आहे, याची जाणीव मला आहे. मात्र एकाच्या कर्तृत्वाने दुसऱ्याचे पुसून टाकण्यापेक्षा तो बरा.

‘हेक्सान’चे बरेचसे चित्रण १९२१ साली कोपनहेगनलगतच्या हेलरुप येथील स्टुडिओत, तेही मुख्यतः रात्री झाले. पैसा ‘स्वेन्स्क फिल्मइंडुस्ट्री’ या स्वीडिश कंपनीचा होता आणि मूकपटांच्या काळातील स्कँडिनेव्हियातला हा सर्वांत खर्चिक चित्रपट मानला जातो. याची रचना सात प्रकरणांची. पहिल्या प्रकरणात जुन्या ग्रंथांतील चित्रे पडद्यावर येतात आणि एक काठी त्यांतील तपशिलांवर बोट ठेवावे तशी फिरते. ‘मालेउस मालेफिकारुम’ हा पंधराव्या शतकातील चेटूकविरोधी ग्रंथ क्रिस्तेन्सेन यांच्या अभ्यासाचा एक आधार होता. ग्रंथाचे पान, त्यावरील काठी आणि समजुतीचा विवेकी स्वर : वाचकाला धीर देणारी ही मांडणी आहे. आपण अंधश्रद्धेचा इतिहास वाचत आहोत, तिच्यात सापडलेलो नाही, असे वाटत राहते.

चित्रपटाच्या मध्यावर हा धीर सुटतो. चेटकीण ठरवून पकडलेली मारिया ही म्हातारी छळाखाली कबुली देते आणि तिने जे जे सांगितले ते ते पडद्यावर घडू लागते : सैतानाची मुले, रात्रीचा मेळावा, घरांच्या छपरांवरून उडत जाणाऱ्या बायका. या उड्डाणासाठी फिरत्या चौथऱ्यावर नगराची प्रतिकृती उभारली गेली आणि वेगळ्याने चित्रित केलेल्या आकृती एकावर एक छापून तिच्याशी जोडल्या गेल्या. तांत्रिकदृष्ट्या हे आंकरस्त्येर्ने यांच्या कारकिर्दीचे शिखर मानायला हरकत नाही. माझा प्रश्न कौशल्याचा नाही. छळाची कोठडी आणि छळातून निघालेली कल्पना या दोहोंना कॅमेरा एकसारखेच वागवतो. मारियाच्या सुरकुतलेल्या, घामेजलेल्या चेहऱ्यावर जो प्रकाश जितक्या आस्थेने पडतो, तितक्याच आस्थेने तो सैतानाच्या उघड्या अंगावर पडतो. कबुली खोटी आहे असे फलकांवरील शब्द सांगतात आणि मी हे पाहिले असे प्रकाश सांगतो. ‘अटलांटिस’मध्ये उनथान यांच्यासमोर निमूट बसलेला साक्षीदार तोच आहे, फक्त आता तो धर्मन्यायालयाच्या बाजूने साक्ष देत आहे.

याला दोष म्हणावे की सामर्थ्य? सैतानाची दृश्ये ही प्रेक्षकाला ओढण्यासाठीची आतषबाजी होती, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. क्रिस्तेन्सेन यांना या विसंगतीची जाणीव असावी, याचे दोन पुरावे चित्रपटातच आहेत. अंगठे चिरडण्याचे यंत्र लावून पाहण्याचा हट्ट आपल्या एका अभिनेत्रीने धरला आणि मिनिटभरातच तिच्याकडून भलभलत्या कबुल्या बाहेर पडल्या, असे ते एका फलकात मिस्कीलपणे सांगतात. चित्रीकरणाची जागा आणि छळाची कोठडी यांतले अंतर येथे ते स्वतःच पुसतात. दुसऱ्या ठिकाणी मारियाची भूमिका करणाऱ्या वृद्ध मारेन पेडरसेन यांचा उल्लेख येतो : चित्रण थांबले असताना त्यांनी मान वर करून सैतान खरा असल्याचे आणि आपण त्याला अंथरुणाशी बसलेला पाहिल्याचे दिग्दर्शकाला सांगितले होते. अंधश्रद्धा ही गतकाळची गोष्ट आहे हे सिद्ध करण्यासाठी ज्या चेहऱ्यावर दिवे लावले गेले, त्या चेहऱ्याला सैतान ठाऊक होता. निवेदन हा प्रसंग उदाहरण म्हणून वापरते, परंतु त्या चेहऱ्याचे जे जवळचे चित्रण आपण पाहिलेले असते ते उदाहरणात मावत नाही. शेवटच्या प्रकरणात चेटूक आणि उन्माद यांची सांगड घालून चित्रपट आधुनिक वैद्यकाकडे वळतो, तेव्हा प्रकाश सपाट होतो, खोल्या उजळ होतात आणि चित्रपटाची पकडही ढिली पडते. विवेकाच्या बाजूने काय बोलावे हे शब्दांना ठाऊक आहे, छायालेखनाला तेथे करण्यासारखे काही उरलेले नाही.

‘हेक्सान’नंतर क्रिस्तेन्सेन जर्मनीत आणि तेथून हॉलिवूडला गेले. डॅनिश छायालेखकांपैकी आक्सेल ग्रोटकेर यांनीही महायुद्धापूर्वीच जर्मनीची वाट धरली होती. मुर्नाव यांच्या १९२२ सालच्या ‘फँटम’च्या छायालेखनात त्यांचा वाटा आहे. आंकरस्त्येर्ने यांचे नाव मात्र पुढे कोपनहेगनमधील त्यांच्या चित्रपट-प्रयोगशाळेशी जोडले गेले. या वळणाकडे उतरती कळा म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला ते तसे वाटत नाही. उडणाऱ्या बायकांचे ते दृश्य कॅमेऱ्यासमोर कधीच घडले नव्हते. ते निगेटिव्हवर निगेटिव्ह चढवून, रसायनात, छापताना घडले. ज्याने हे एकदा केले त्याच्या दृष्टीने प्रयोगशाळा ही छायालेखनाचीच पुढची खोली ठरते.

‘हेक्सान’चे पुढचे आयुष्य या संदर्भात बोलके आहे. १९४१ साली तो डेन्मार्कमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा क्रिस्तेन्सेन यांनी त्याला बोलकी प्रस्तावना जोडली. १९६८ साली तो कापून सुमारे सत्त्याहत्तर मिनिटांचा करण्यात आला, फलकांच्या जागी अमेरिकन लेखक विल्यम बरोज यांचा कोरडा, उपरोधिक आवाज आला आणि पार्श्वभूमीला जॅझ संगीत. व्याख्यात्याचा विवेकी स्वर गेला आणि त्याच्या जागी दुसराच स्वर येऊन बसला. या नव्या आवाजाखालीही मारियाचा चेहरा १९२१ साली रात्री लावलेल्या त्याच दिव्यांच्या उजेडात दिसत राहिला.