मोजला तो वेग कोणाचा?
एका यंत्राचे भाग पाडून भाड्याने दिलेल्या ‘आभासी सर्व्हर’ची डिस्क पारखायला सर्रास ‘डीडी’ आज्ञा वापरतात: शून्यांची मोठी फाइल लिहायची आणि वेग पाहायचा. ही परीक्षा आम्हाला मान्य नाही. लिनक्स प्रणाली लिहिलेले आधी मेमरीत ठेवते, डिस्कवर सवडीने उतरवते. साध्या ‘डीडी’ने मोजला जातो तो बहुतेक मेमरीचाच वेग! शिवाय हे लेखन सलग; डेटाबेसचे वाचन विखुरलेले असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस ८.३ मिलिसेकंद लागतात. दर वाचनामागे मुंडी सरकणार, वर सरासरी अर्धी फेरी थांबणार. सेकंदाला जेमतेम शंभर वाचने होतात. येन्स आक्सबो यांचा ‘फिओ’ हा प्रोग्रॅम मेमरी वगळून असे वाचनही मोजू शकतो, म्हणून सरस. मात्र डिस्क सामाईक असेल, तर शेजारच्या भाडेकरूने मोठे काम काढताच आकडा घसरतो. तेव्हा निरनिराळ्या वेळी मोजावे.