लेवीय ग्रंथांतील अशौच व आरोग्य

कोंकणांतील बेने इस्राएल समाजाविषयीं एक परंपरा प्रसिद्ध आहे. दावीद राहबी यानें त्यांचें यहूदीपण पारखण्यासाठीं मासळी पुढें ठेविली. स्त्रियांनीं पंख व खवले असलेली तेवढीच निवडून काढिली. हा नियम लेवीय ग्रंथाच्या 11 व्या अध्यायांतला. असे नियम म्हणजे प्राचीनांचें आरोग्यशास्त्रच, असें मत वारंवार मांडलें जातें. 12 व्या शतकांत मैमोनिदीसनेंहि खाद्यनियमांस प्रकृतीचें कारण दिलें होतें. तथापि मूळ वचनें तपासतां हें मत सर्वत्र लागू पडत नाहीं.

त्याच किनाऱ्यावर कोळंबी व खेकडे खाणारे कोळी पिढ्यान् पिढ्या नांदले, ही गोष्ट सोडून दिली तरी ग्रंथांतील पुरावा पुरेसा आहे. 12 व्या अध्यायांत पुत्रजन्मानंतर बाळंतिणीस एकंदर 40 दिवस, तर कन्याजन्मानंतर 80 दिवस सांगितले आहेत. प्रकृतीच्या दृष्टीनें या दुपटीस कारण दिसत नाहीं. 13 व्या अध्यायांत चट्टा सर्वांगभर पसरून मनुष्य पांढरा झाला, तर तो शुद्ध ठरतो! 14 व्या अध्यायांत घराच्या भिंतीस चट्टा दिसल्यास याजक येण्यापूर्वींच सामान बाहेर काढावयाचें, म्हणजे तें अशुद्ध होणार नाहीं. रोगाचा संसर्ग पंचाच्या निर्णयाची वाट पाहत नसतो. विधीचें अशौच मात्र पाहतें. आपल्याकडेहि दूरदेशीं असलेल्या सपिंडास वार्ता ऐकतांच सुतक लागतें.

संशयितास सात सात दिवस वेगळें ठेवून पुन्हा पाहण्यांत आनुषंगिक लाभ झाला असेल. परंतु लाभावरून हेतु सिद्ध होत नाहीं. याजक तेथें औषध देत नाहीं, केवळ निर्णय देतो.

हा वाद निव्वळ शब्दाचा नव्हे. ‘त्साराअथ’ हा मूळ हिब्रू शब्द वस्त्रांस व भिंतींसहि लागतो. ग्रीक भाषांतरांत त्यास ‘लेप्रा’ म्हटलें गेलें, आणि मराठींत ‘महारोग’, ‘कोड’ असे शब्द आले. त्यायोगें 1873 सालीं हान्सेननें ज्याचा जंतु शोधिला त्या रोगावर एका विधीचें अशौच लादलें गेलें. आपल्या समाजांत या रोग्यांविषयीं तिटकारा पूर्वींपासून होताच. भाषांतरानें त्यास धर्मग्रंथाचा आणखी एक आधार मिळाला. विवाह-कायद्यांतून कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण भारतांत 2019 सालीं वगळलें गेलें, यावरून हा कलंक किती चिवट होता तें दिसेल.

सारांश, जुन्या पोथींत वा दप्तरांत ‘कोड’, ‘महारोग’, ‘रक्तपिती’ असे शब्द आढळल्यास संग्राहकांनीं प्रथम लक्षणें व संदर्भ पाहावे, मगच रोगाचें आधुनिक नांव द्यावें. लक्षणें नोंदलेलीं नसतील, तर मूळ शब्दच कायम ठेवावा.