परमहंस सभा : गुप्ततेचे प्रयोजन आणि बंधुत्वाची मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या धर्मसुधारणेचा इतिहास सांगताना परमहंस सभेचा उल्लेख बहुधा प्रस्तावनेपुरता होतो. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली, गुप्तपणे चाललेली आणि १८६० मध्ये सभासदांची नावे फुटताच मोडलेली ही संस्था १८६७ च्या प्रार्थनासमाजाची पूर्वपीठिका म्हणून दाखविली जाते; तिच्या गुप्ततेवर भित्रेपणाचा शिक्का मारला की विवेचन संपते. हा निर्णय सर्वस्वी खोटा नाही. पण तो अपुरा आहे. भीती होती हे मान्य केले तरी दोन प्रश्न उरतातच. ही भीती कोणाची होती? आणि भ्यालेल्या माणसांनी स्वस्थ न बसता दीक्षाविधी असलेली बंधुसंस्थाच का उभारली?

वसाहतीतील सुधारकांना अशा संस्थांची ओढ वाटावी, ही गोष्ट एकट्या मुंबईची नाही. फिलिपाइन्समधील सुधारक फ्रीमेसन पंथाकडे वळले, त्यांची कारणे पुरेशी स्पष्ट आहेत. तेथे स्पॅनिश धर्मसंघांच्या हाती गावचे चर्च होते, शाळा होती आणि स्थानिक कारभारावरील देखरेखही होती. १८८९ मध्ये ग्रासियानो लोपेझ हाएना याने बार्सेलोनात लॉज स्थापन केले. १८९२ च्या जानेवारीत मनिलात ‘निलाद’ लॉज निघाले. लॉजमध्ये फिलिपिनो मनुष्य स्पॅनिश माणसाचा ‘बंधू’ ठरे, उदारमतवादी स्पॅनिश वर्तुळाशी त्याचा संबंध जुळे, आणि पाद्र्यांच्या नजरेआड विचारविनिमय करता येई. त्याच वर्षी ७ जुलै रोजी स्थापन झालेल्या ‘कातिपुनान’ या क्रांतिकारक संघटनेचा पुढारी बोनिफासिओ हाही मेसन होता. सारांश, मनिलातील शपथ धर्मसत्तेपासून आणि तिच्या पाठीशी असलेल्या राजसत्तेपासून संरक्षण देणारी होती.

मुंबईची स्थिती नेमकी उलट होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सरकारी शिक्षणखात्यातील मान्यवर, मराठी व्याकरणाचे कर्ते. सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. सभेतील तरुण बहुतांशी नव्या शिक्षणातून पुढे आलेले होते. मूर्तिपूजा आणि जातिभेद यांना त्यांचा असलेला विरोध कंपनी सरकारला खुपण्याचे कारण नव्हते. म्हणजे येथे दार लावून घेतले ते सरकारी शिपायाला भिऊन नव्हे, तर घरची मंडळी, भाऊबंद आणि जातीचे पंच यांच्या भीतीने.

ही भीती काल्पनिक नव्हती. सभेच्या स्थापनेपूर्वी काही वर्षे, १८४३ मध्ये, श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण मुंबईत गाजले होते. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले. परंतु मुलाचा ताबा कोणाकडे असावा हे न्यायालयाने ठरविले, तरी त्याच्या पंक्तीला कोणी बसावे हे ठरविण्याचा अधिकार जातीकडेच राहिला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा सनातन्यांचा रोष त्यांनाही सोसावा लागला. शास्त्रार्थात प्रवीण असलेल्या पंडिताची जेथे ही गत, तेथे नोकरीच्या पहिल्या पायरीवरील तरुणाने काय अनुमान काढावे? शिवाय मुंबईत बिऱ्हाड केलेल्या माणसाचे मुंज-लग्न आणि श्राद्धपक्ष कोकणातल्या गावाशीच बांधलेले असत. पेण, रोहे किंवा जिते येथील भावकीने पाठ फिरविली, तर मुंबईचा पगार त्याची भरपाई करू शकत नव्हता.

येथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. जात ही केवळ एक समजूत असती, तर ग्रंथ लिहून तिचे खंडन करता आले असते. पण जात ही स्वतःच एक बंधुसंस्था होती : जेवणाची पंगत, सोयरीक आणि तिरडीला खांदा देणारी माणसे तीच पुरवीत असे. अशा संस्थेतून मनाने बाहेर पडलेल्याला दुसरे बंधुत्व हवे होते. परमहंस सभेचा दीक्षाविधी या दृष्टीने पाहिला म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, असा हा विधी होता. यात तत्त्वज्ञान थोडे दिसते, पण आशय नेमका आहे. जात ज्या कृतीने टिकते, त्याच कृतीने ती मोडावयाची. शिवाय, पाव खाल्लेल्या प्रत्येकाचे गुपित इतर सर्वांच्या हाती असल्यामुळे परस्परविश्वासाला परस्परांच्या धाकाचीही जोड मिळाली.

मुंबईत तयार नमुना नव्हता असे नाही. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे एतद्देशीयांसाठीचे लॉज निघाले होते आणि माणकजी करसेटजी यांच्यासारखे पारशी गृहस्थ त्यात होते. पण हिंदूंच्या बाबतीत मेसन मंडळी दीर्घकाळ साशंक होती. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळण्यास १८७२ साल उजाडले. शिवाय लॉजमधील समता लॉजच्या दारापर्यंतच होती. घरी परतलेल्या बंधूला तेथे कोणी जात सोडावयास सांगत नव्हते. परमहंस सभेची मागणी त्याहून अधिक कठीण होती.

तथापि सभेची मर्यादाही याच ठिकाणी आहे. तिने पंगत दिली. सोयरीक दिली नाही. सभासदांच्या स्त्रिया, मुले आणि आईबाप या बंधुत्वाच्या बाहेरच राहिले. म्हणून १८६० मध्ये नावांची यादी उघड झाली तेव्हा प्रत्येकाला एकट्यानेच आपल्या घरी परत जावे लागले. ग्रंथांचीही गत तीच. दादोबांचे ‘धर्मविवेचन’ लिहून झाल्यावर कित्येक वर्षांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. तुकाराम तात्या पडवळ यांनी ‘जातिभेद विवेकसार’ १८६१ मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने छापले. विचार उघड झाला, पण विचारकर्ता झाकलेलाच राहिला.

नावाची ही धास्ती पुढेही टिकली. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, तेव्हा रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. परमहंसांना भित्रे म्हणणाऱ्याने तीस वर्षांनंतरच्या या पेल्याचे वजन आधी करावे.

खरा फरक धैर्याच्या मापाचा नसून संस्थेच्या रचनेचा आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी स्थापिलेला सत्यशोधक समाज उघड होता. त्याने भटजीविना विवाह लावण्याची रीत घातली. म्हणजे जातीच्या हातातील दुसरी किल्ली काढून घेतली. पडवळांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये फुल्यांनीच काढली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी भरदिवसा प्याले. दोन्ही प्रसंगी पाणी हेच साधन होते. पण परमहंसांनी बंद दाराआड आपला अधिकार सोडला, तर महाडला नाकारलेला अधिकार उघड्यावर घेतला गेला.

साधनांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. सभेची बरीचशी माहिती बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ या १८८८ च्या आत्मचरित्रातून येते. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या लेखकाला ही सभा अर्ध्या वाटेवर थांबलेली दिसावी, हे स्वाभाविक होते. अ. का. प्रियोळकरांच्या १९६६ च्या ग्रंथाने तिला स्वतंत्र अभ्यासविषयाचा दर्जा दिला, तरी अर्धवटपणाचा तो जुना ठपका पाठ्यपुस्तकांत रेंगाळतोच. सभा अपुरी पडली, हे खरे. परंतु जात मोडावयाची तर मतपरिवर्तन पुरेसे नाही, जातीइतकीच घट्ट अशी दुसरी माणसे जोडावी लागतात, हे महाराष्ट्रात प्रथम ओळखणाऱ्यांत तिचे स्थान आहे. आणि ती माणसे केवळ एका पंगतीने जोडली जात नाहीत, हेही तिच्याच अंताने दाखवून दिले.