चार दृश्यं आणि एक नदी: बाबासाहेबांच्या प्रश्नाबद्दल थोडं

'रिसर्च गॅप म्हणजे नेमकं काय हो?' हा प्रश्न पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. आज उत्तर माझ्या विषयाबाहेरून देतो. मी मटेरियल सायन्सवाला, पण नागपूरचा. डॉ. आंबेडकरांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आमच्या घरी हात धुऊन मग उघडतात.

बाबासाहेबांच्या निधनानंतर, 1957 मध्ये, मूळ इंग्रजी पुस्तक आलं. प्रस्तावनेत चार प्रश्न आहेत. पहिला असा: म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं म्हणतात, मग 29 वर्षांच्या माणसाने हे आधी कधी पाहिलंच नव्हतं का? बघा, गॅप अशी दिसते. सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीत एक आकडा बसत नाही.

कथेचा माग काढला की संशय वाढतो. 'बुद्धचरित', 'ललितविस्तर', 'निदानकथा' हे ग्रंथ ती रंगवून सांगतात, पण ते बुद्धानंतर कित्येक शतकांनी रचलेले. दीघनिकायातल्या महापदानसुत्तात ही दृश्यं आहेत, पण ती पूर्वीच्या विपस्सी बुद्धाच्या चरित्रात. उलट मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात आईवडील रडत असताना आपण घर सोडलं, असं बुद्ध स्वतः सांगतात. म्हणजे मध्यरात्री कंथक घोड्यावरून गुपचूप निघण्याचं ते चित्र, जे दीक्षाभूमीबाहेरच्या स्टॉलवर हमखास मिळतं, तेही डळमळतं. धर्मानंद कोसंबींनी 1940-41 च्या 'भगवान बुद्ध'मध्ये हे मराठीतच दाखवून ठेवलंय.

इथवर बाबासाहेबांचं म्हणणं भक्कम आहे. पुढे मात्र माझा हात अडखळतो.

त्यांचं उत्तर असं: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला, बहुमत विरोधात गेलं आणि त्याने परिव्रज्या घेतली. वाचताना मला महाडचं चवदार तळं, 1927, आठवतंच. पण पाली अट्ठकथांमध्ये हे पाण्याचं भांडण बोधीनंतरचं आहे. बुद्ध येऊन ते मिटवतात. शिवाय अट्ठकथाही उशिराच्याच. मग चार दृश्यांना 'उशिराचा पुरावा' म्हणून बाद करायचं आणि रोहिणीला पास करायचं, असं कसं चालेल? त्यातल्या त्यात जुना आधार म्हणजे सुत्तनिपातातलं अत्तदण्डसुत्त. शस्त्रं उचललेली, आपसात भांडणारी माणसं पाहून आपण हादरलो, असं बुद्ध त्यात सांगतात. पण तिथे रोहिणीचं नाव नाही, मतदानही नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या अरियपरियेसनसुत्ताने घोडा पळवला, त्यातच जरा, व्याधी आणि मरण यांचा विचार घर सोडण्याचं कारण म्हणून आलाय. रथ आणि सारथी गेले तरी तो विचार जात नाही. कोसंबी इथे जास्त सावध वाटतात. ते एकाच कारणावर सगळा भार टाकत नाहीत. आपण पोरं रिझल्ट्समध्ये हीच चूक करतो: जुनं मॉडेल फेल झालं की आपलं आपोआप सिद्ध झालं समजतो. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात ना.

बाबासाहेब थीसिस लिहीत नव्हते, हे खरं. लाखो माणसं 14 ऑक्टोबर 1956 ला इथेच दीक्षा घेऊन गेली. त्यांच्या हाती देण्याचा ग्रंथ लिहून होत होता, त्याला तळटिपा नव्हत्या. पण म्हणून तो तपासायचाच नाही, हे मला पटत नाही. वाचकांनी पुढे येऊन उत्तरात भर घालावी, अशी अपेक्षा त्यांनी त्याच प्रस्तावनेत लिहून ठेवलीय. भदंत आनंद कौसल्यायनांनी हिंदी अनुवाद करताना ती मनावर घेतली आणि मूळ संदर्भ शोधून जोडले. ती प्रत मिळाली तर गृहत्यागाचं प्रकरण उघडा, प्रत्येक संदर्भ कोणत्या ग्रंथातला ते वहीत उतरवा, आणि त्यापुढे तो ग्रंथ कधीचा तेही लिहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.