दहा मिनिटांची मेणबत्ती

खासगी शिकवणी वर्गात नोकरी मिळवायची तर आता नुसती पदवी पुरत नाही. मुलाखतीच्या वेळी उमेदवाराला फळ्यापुढे उभे करून एखादा घटक दहा मिनिटे शिकवायला सांगतात. याला ‘डेमो’ म्हणतात. बी.एड.च्या सराव पाठाचेच हे धाकटे भावंड. फरक एवढाच, की इथे पाठ टाचण कोणी तपासत नाही आणि पाठ कुठे चुकला हेही नंतर कोणी सांगत नाही.

गेल्या मे महिन्यात अशाच एका वर्गाने मला विज्ञानाचा परीक्षक म्हणून बोलावले होते. विषय होता ‘हवेतील घटक’. सहा उमेदवारांपैकी तिघांनी एकच प्रयोग केला. तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. ताटलीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती लावायची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. मग शिक्षक सांगतात, “प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणी एक पंचमांश चढले, म्हणजे हवेत प्राणवायू एक पंचमांश.”

पहिल्या तरुणाने हे फार सफाईने केले. आवाज खणखणीत, फळ्यावरची आकृती सुबक, साडेनऊ मिनिटांत पाठ पूर्ण. तिसऱ्या क्रमांकाला आलेली मुलगी मात्र मध्येच थांबली. ज्योत विझल्यावर पाणी झपकन वर आले, तशी ती म्हणाली, “सर, मी आत्ता सांगितलं ते बरोबर दिसत नाही. प्राणवायू संपत गेला म्हणून पाणी चढत असेल, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवं होतं.” तिने प्रयोग पुन्हा करून पाहिला, वेळ संपल्याची घंटा झाली आणि निष्कर्ष फळ्यावर लिहायचा राहून गेला. आम्ही तिघा परीक्षकांनी तिच्या नावापुढे ‘गोंधळते’ असा शेरा दिला. त्यात माझाही शेरा होता. नोकरी पहिल्या तरुणाला मिळाली.

त्या रात्री घरी मी तोच प्रयोग आधी एका आणि नंतर तीन मेणबत्त्या घेऊन केला. पेला तोच होता, म्हणजे त्यातला प्राणवायूही तेवढाच. तरी तीन मेणबत्त्या लावल्यावर पाणी बरेच जास्त चढले. मग पेला नुसताच कढत पाण्यात धरला, बाहेर काढून ताटलीत पालथा घातला. मेणबत्ती नाही, ज्वलन नाही, तरी पेला निवत गेला तसे पाणी चढले. ती मुलगी बरोबर होती.

यामागचे कारण अवघड नाही. ज्योतीने पेल्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि काही हवा बाहेर पडते. नीट पाहिले तर काठाखालून बुडबुडे जाताना दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकुंचन पावते, वाफेचे पाणी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. प्राणवायू तर संपतही नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरला की मेणबत्ती विझते. शिवाय खर्च झालेल्या प्राणवायूच्या जागी त्याच्या जवळपास दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो काही क्षणांत पाण्यात विरघळून जात नाही. एक पंचमांश हे उत्तर मिळालेच तर तो योगायोग.

माझा आक्षेप त्या तरुणावर नाही. त्याला शाळेत जे शिकवले तेच त्याने शिकवले. आक्षेप आहे तो आमच्या गुणपत्रकावर. त्यात आवाज, फळ्याचा वापर, आत्मविश्वास आणि वेळेचे भान यांना रकाने होते. ‘सांगितले ते खरे आहे का’ आणि ‘समोर दिसले त्याकडे लक्ष दिले का’ यांना रकाना नव्हता. वर्गचालकांची अडचण मला कळते. पोर्शन वेळेत संपवायचा असतो आणि अडखळणाऱ्या शिक्षकावर पालक भरवसा ठेवत नाहीत. पण चुकीची गोष्ट न अडखळता सांगणारा शिक्षक ती दरवर्षी नव्या तुकडीला सांगत राहतो, याचा हिशेब कोणी करायचा?

मायकेल फॅराडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्याने दिली. आपल्या हाती दहाच मिनिटे असतील, तर त्यात निष्कर्ष एकच आणि लहान असावा. मेणबत्ती घ्यायचीच तर ‘पाणी नेमके केव्हा चढते?’ एवढाच प्रश्न घ्या. आधी समोरच्यांना अंदाज करायला लावा, मग प्रयोग करा, मग एकाच्या तीन मेणबत्त्या करा. आणि हवेतील प्राणवायूचे प्रमाणच दाखवायचे असेल, तर ओल्या परीक्षानळीच्या आतल्या बाजूला लोहकीस चिकटवून ती पाण्यात पालथी उभी करा. लोखंड गंजताना प्राणवायू घेते आणि त्याच्या जागी दुसरा वायू सोडत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत पाणी नळीत जवळजवळ एक पंचमांश चढते. डेमोला जाताना तीन दिवस आधी लावलेली एक नळी आणि नुकतीच लावलेली दुसरी, अशा दोन्ही घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गचालकांना फोन करून माझा शेरा चुकल्याचे सांगितले. “सर, नेमणुकीचं पत्र गेलं,” ते म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा बोलावले तर मी जाईन, पण गुणपत्रकात तो एक रकाना वाढवणार असतील तरच. आपल्यापैकी जे अशा निवड समित्यांवर बसतात, त्यांनीही एवढी अट घालायला हरकत नाही.