कुंभाराचं गाढव आणि बाळाचं यकृत

न्यायशास्त्रातलं कुंभाराचं गाढव आपल्याला आठवत असेल. माती त्याच्या पाठीवरून आली, घट होण्याआधी ते हजर होतं, पण म्हणून ते घटाचं कारण नव्हे. नैयायिक त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आज हे गाढव जरा परक्या अंगणात न्यायचं आहे.

हेपॅटोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या यकृताचा कर्करोग. फार दुर्मीळ, वर्षाला दहा लाख मुलांमागे एक-दोन. बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतले. एवढ्याशा बाळाने काय खाल्लं-प्यालं असणार? म्हणून संशोधक मागे मागे जातात, गर्भापर्यंत. तिथे आई उभी असते. माझी तक्रार इथून सुरू होते.

दीड किलोहून कमी वजनाच्या नवजात बाळांना पुढे हा रोग होण्याचं प्रमाण अनेक पटींनी जास्त आढळतं. निरीक्षण पक्कं आहे. पण कारण कोणतं? कमी वजन? की ज्यामुळे बाळ लवकर जन्मलं ते? की अतिदक्षता विभागातला ऑक्सिजन, औषधं, शिरेतून दिलेलं पोषण? हे सगळं एकाच बाळाभोवती असतं. त्यात कुंभार कोणता आणि गाढव कोणतं, हे नुसत्या आकड्यांनी सुटत नाही. आणि गंमत बघा, बेकविथ-वीडमन सिंड्रोममध्येही हा धोका वाढतो, पण ती बाळं बहुधा जन्मतःच मोठी असतात!

जनुकांकडे वळलो तरी सुटका नाही. एपीसी जनुकातला दोष घराण्यात असेल तर धोका वाढतो. तरी अशा घरांतल्या बहुसंख्य मुलांना हा रोग होत नाही.

2009 साली लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने आईवडिलांच्या धूम्रपानाबाबतचा पुरावा पुरेसा ठरवला. रोग दुर्मीळ, म्हणून अभ्यासांत मुलं थोडी. त्यात आजारी मुलाची आई गरोदरपणातली एकेक गोष्ट उकरून काढते, निरोगी मुलाची आई कधीच विसरलेली असते. सिगारेट सोडा हे मी सांगेनच. त्याला या पुराव्याची गरज नाही. पण ‘धोका वाढतो’ हे विधान समूहाबद्दलचं, बरं का. वॉर्डातल्या आईला ते ‘तुझ्यामुळे झालं’ असं ऐकू येतं. असं तर कुठल्याच अभ्यासाने म्हटलेलं नसतं!

मग ही यादी निरुपयोगी का? नाही. बेकविथ-वीडमनच्या मुलांची पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात, रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन बघतात. गाठ लहान असतानाच हाती लागू शकते. तिथे ‘का’ सुटलेलं नाही. ‘कोणाला’ एवढं कळलंय, आणि तेवढ्यावर काम चालतं.