सातवा वाटसरू

नाताळ जवळ आला कीं इंग्रजी वाचणाऱ्या घरांतून डिकन्सच्या स्क्रूजची आठवण हटकून निघते. त्याच लेखकाची ‘द सेव्हन पुअर ट्रॅव्हलर्स’ ही कथा मात्र कोणी फारशी काढीत नाहीं. आमच्या मतें परक्याच्या पाहुणचाराचा प्रश्न तिच्यांत अधिक खोल गेला आहे.

कथेंतील घर कल्पनेंतलें नव्हे. केंट परगण्यांतील रॉचेस्टरच्या हमरस्त्यावर तें अद्याप उभें आहे. रिचर्ड वॉट्स नांवाच्या गृहस्थानें १५७९ सालीं मृत्युपत्र करून त्याची तरतूद केली. सहा गरीब वाटसरूंना एका रात्रीचा निवारा द्यावा, वर प्रत्येकीं चार पेन्स द्यावेत, मात्र ते लुच्चे-लफंगे नसावेत, अशी त्याची अट. डिकन्सनें हें घर १८५४ च्या मे महिन्यांत पाहिलें, आणि त्याच वर्षीं आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या पत्राच्या नाताळ-अंकांत कथा छापली.

कथेंतील निवेदक नाताळच्या आदल्या दिवशीं तेथें जातो आणि चौकशी करूं लागतो. दर्शनी खोल्या नीटनेटक्या आहेत, पण वाटसरूंची सोय मागील चौकांतल्या अरुंद खोल्यांत. जेवण मुळींच नाहीं; चार पेन्सांत ज्यानें त्यानें आपलें आणावें. उत्पन्नाचा जेमतेम तिसावा हिस्सा वाटसरूंवर खर्च होतो, बाकीचा कोर्टकचेरी आणि व्यवस्थापक यांच्या पोटीं जातो. (आपल्याकडील एखाद्या देवस्थानाचा हिशेब ज्यांनीं चाळला असेल, त्यांना हें वाचून फारसें नवल वाटणार नाहीं.) ज्या रात्रीं मरियेला उताराशाळेंत जागा मिळाली नाहीं, त्या रात्रीचा सण पाळणाऱ्या गांवांत ही व्यवस्था! डिकन्स येथें प्रवचन करीत नाहीं. निवेदक आपल्या खाणावळींत जाऊन टर्की, गोमांस आणि ऊन मद्याचा घडा सिद्ध करवितो आणि ती सारी मिरवणूक रस्त्यानें वाजतगाजत नव्हे, पण वाफाळत त्या घरीं नेतो. स्वतःला तो सातवा वाटसरू म्हणवतो. नियमानें सहांना दार उघडलें होतें. सातव्यामुळें तेथें पंगत बसली.

जेवणानंतर तो रिचर्ड डबलडिक या शिपायाची गोष्ट सांगतो. तिला कित्येक टीकाकार भावविवश म्हणतात, आणि ती तशी आहेही. परंतु तिचा शेवट पाहावा. डबलडिकला वाईट मार्गावरून ज्यानें परत आणलें, तो कॅप्टन टॉन्टन बादाहोसच्या वेढ्यांत एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या हातून पडतो. डबलडिक सूडाची शपथ वाहतो. पुढें वर्षें लोटतात, आणि टॉन्टनच्या आईच्या ओळखीनें दक्षिण फ्रान्समधील ज्या घरीं तो पाहुणा म्हणून उतरतो, त्या घरचा यजमान नेमका तोच निघतो! यजमानाला कांहींच ठाऊक नाहीं. पाहुणा मनांतल्या मनांत क्षमा करून गप्प राहतो. गरिबाला जेवूं घालण्याहून हें कितीतरी अवघड. आणि तें येथें यजमानानें नव्हे, पाहुण्यानें केलें आहे. बाहेरच्या कथेला आंतल्या कथेचा खरा सांधा हाच होय. क्रिमियाच्या युद्धांत इंग्रज आणि फ्रेंच एका बाजूनें लढत असतां ही कथा निघाली, तेव्हां या मनोमीलनांत थोडें काळाचें सोयीस्करपणही आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. मूळ अंकांत प्रत्येक वाटसरू आपापली गोष्ट सांगत होता. त्या गोष्टी विल्की कॉलिन्स, ॲडलेड प्रॉक्टर, सॅला, एलायझा लिन अशा लेखकांनीं लिहिल्या होत्या. त्या साऱ्याच चांगल्या होत्या असें नाहीं. पण पुढें डिकन्सच्या संग्रहांत त्याचे स्वतःचे तीन भाग तेवढे उरले. परिणाम असा कीं पुस्तकाचा फेरीवाला, झोळीबंद हातवाला कारागीर, पायीं हिंडणारा जिनिव्हाचा घड्याळजी, ती रोडावलेली विधवा, हे सारे जेवतात, ऐकतात आणि मुके राहतात. बोलतो एकटा यजमान. पाहुण्याला ताट वाढून त्याची हकीकत विचारूं नये, तशांतला हा प्रकार झाला. म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनीं मूळ नाताळ-अंकच मिळवून वाचावा.

सकाळीं निवेदक सर्वांना ऊन कॉफी आणि पावलोणी देतो, रस्त्यावर निरोप घेतो आणि धुक्यांतून कॉबमच्या रानाकडे एकटाच चालूं लागतो. रॉचेस्टरच्या त्या घरांत वाटसरू उतरणें १९४० सालीं बंद झालें. मागल्या चौकांतल्या त्या लहान खोल्या आतां लोक पाहावयास येतात.